लंडनला पहिल्यांदाच जाताय? मग हे वाचा

ब्रिटिश म्युझियम एका दिवसात संपवायचा हट्ट धरू नका, एंट्री फ्री आहे त्यामुळे दोन-तीन तास बघून निघालात तरी चालतं, फक्त रोझेटा स्टोन (ज्याच्यामुळे इजिप्तची चित्रलिपी वाचता आली तो शिलालेख) म्युझियम उघडल्या उघडल्या गाठा, नंतर गर्दीत धड दिसत पण नाही. आणि प्लीज म्युझियमला म्युझियम जोडू नका! मध्ये सेंट जेम्सेस पार्कात निवांत बसा, तिथे पेलिकन पक्षी आहेत, १६६४ पासून. थेम्सकाठ मात्र पायीच करा, सेंट पॉल्स कॅथेड्रलकडून मिलेनियम ब्रिज या पादचारी पुलाने टेट मॉडर्न या आर्ट गॅलरीला उतरायचं आणि तिथून नदी धरून टॉवर ब्रिजपर्यंत चालत सुटायचं, माझा सगळ्यात आवडता रस्ता हाच. टॉवर ब्रिज जहाजांसाठी कधी उघडणार त्या वेळा त्यांच्या साइटवर आधीच असतात, बघून निघा.