कोर्स घेण्याआधी विचारा : माझे फोटो कोण पाहणार?

प्रश्न : मी हिशेबनीस आहे. रिपोर्ताज फोटोग्राफी, म्हणजे खऱ्या माणसांची, प्रसंगांची गोष्ट फोटोंतून सांगणं, मनापासून शिकायची आहे, पण नोकरी सोडणं शक्य नाही, त्यामुळे ऑनलाइन कोर्सशिवाय पर्याय नाही. कॅमेऱ्याच्या तंत्राचे दोन मोफत कोर्स झाले आहेत. आता एका प्रसिद्ध छायाचित्रकाराचा रेकॉर्डेड कोर्स घ्यावा (प्रमाणपत्र मिळतं), की फारशा परिचित नसलेल्या एका शिक्षिकेचा आठ आठवड्यांचा लाइव्ह वर्ग? ओळखीतल्या एका वृद्ध पुस्तकबांधणी कारागिरांचे सहा फोटो सोबत पाठवते आहे. त्यांना आता कमी दिसतं. सुईत दोरा ओवायलाही नात लागते.

उत्तर : लाइव्ह वर्ग घ्या. प्रमाणपत्राचा विचार डोक्यातून काढून टाका. मी बरीच वर्षं फोटो संपादनाचं काम केलं, पण काम मागायला आलेल्या कुणाकडेही प्रमाणपत्र मागितलं नाही. दोन-तीन पूर्ण फोटो स्टोरी (एकच गोष्ट सांगणाऱ्या फोटोंच्या मालिका) दाखवा, एवढंच म्हणायचे.

मोठ्या छायाचित्रकाराला बोलताना ऐकण्यात आनंद आहे, तो जरूर घ्या. पण रेकॉर्डेड कोर्समध्ये तुम्ही त्यांचे फोटो पाहता, तुमचे फोटो मात्र कुणीच पाहत नाही. अपर्चर, शटर स्पीड, आयएसओ हे सगळं व्हिडिओवरून उत्तम शिकता येतं आणि तुमचं ते झालंही आहे. सहाही फोटोंचं एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) नीट आहे. पुढचं शिक्षण तुमच्या फोटोंवर बोट ठेवून कुणी बोललं तरच होतं.

म्हणून मीच सुरुवात करते. तुमचा चौथा फोटो सगळ्यात चांगला. दाभण धरलेली बोटं, नखांच्या कडेला वाळलेली खळ, मागे अंधुक दिसणारे गठ्ठे. पण उरलेले पाचही फोटो तुम्ही उभं राहून, एकाच उंचीवरून आणि साधारण तेवढ्याच अंतरावरून काढलेत. आजोबा खाली बसून काम करतात, तेव्हा तुम्हीही खाली बसायला हवं होतं. पाचांतून एक ठेवा, चार बाजूला काढा. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नात कुठे आहे? पत्र वाचताना मी सुई-दोऱ्याच्या त्या ओळीशी थांबले आणि फोटोंमध्ये तेच शोधत राहिले. तुमची गोष्ट तिथे आहे. ती तुमच्या पत्रात आलीय, कॅमेऱ्यात यायची राहिलीय. त्यासाठी परत जावं लागेल, नात घरी असेल तेव्हा, आणि बहुधा एकापेक्षा जास्त वेळा.

हे परत जाणं कुठलाही कोर्स तुमच्या वतीनं करू शकत नाही. अमेरिकी छायाचित्रकार यूजीन स्मिथ यांनी १९४८ साली ‘लाइफ’ साप्ताहिकासाठी कोलोरॅडोतल्या एका खेडेगावच्या डॉक्टरवर फोटो निबंध केला, तेव्हा ते २३ दिवस त्या डॉक्टरबरोबर होते. तुम्हाला सलग इतके दिवस मिळणार नाहीत, पण सुट्टीचे दिवस मिळतील. चांगला लाइव्ह वर्ग इथेच उपयोगी पडतो. ठरलेल्या वारी फोटो दाखवायचेत म्हटलं की माणूस कंटाळा बाजूला ठेवून बाहेर पडतो.

पैसे भरण्याआधी त्या शिक्षिकेला विचारा, वर्गात किती जण आहेत आणि प्रत्येकाचे फोटो दर आठवड्याला पाहिले जातात का. पन्नास जण असतील तर तुमच्या वाट्याला काही येणार नाही. जुन्या विद्यार्थ्यांच्या सुट्या फोटोंऐवजी पूर्ण स्टोरी दाखवायला सांगा. फोटोंचा क्रम लावायला आणि कॅप्शन लिहायला शिकवतात का, हेही विचारा. कॅप्शनचा विषय बहुतेक कोर्समध्ये शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. अमेरिकी छायाचित्रकार डोरोथिया लँग यांनी १९३६ मध्ये कॅलिफोर्नियात मुलांना घेऊन बसलेल्या एका स्थलांतरित मजूर आईचा फोटो काढला. तो जगभर छापला गेला, पण त्यांनी त्या बाईचं नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्प्सन हे नाव लोकांना कळलं ते १९७८ मध्ये, आणि आपल्याला नावसुद्धा विचारलं नाही याची खंत त्या बाईंनी बोलून दाखवली. तुम्ही पाठवलेल्या फोटोंखाली आजोबांचं नाव नाही. पुढच्या खेपेला वही घेऊन जा. नाव, वय, किती वर्षं हे काम करतात, फोटो कुठला आणि कधीचा, सगळं तिथल्या तिथे लिहा. नाव छापलेलं चालेल का, हेही त्यांनाच विचारा.

लँग यांच्या त्या मालिकेतल्या इतर फ्रेमही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. दूरवरून दिसणारा तंबू, मग जवळ, मग आणखी जवळ, आणि शेवटी तोंड फिरवून आईला बिलगलेली दोन मुलं. एक संध्याकाळ या फ्रेम पाहण्यात घालवा. छायाचित्रकार पुढे कशी सरकत गेली ते दिसतं, आणि हे शिकायला फी लागत नाही.

प्रश्न : माझ्या एका चांगल्या फोटोत कोपऱ्यात प्लास्टिकची बादली आली आहे. कोर्समध्ये अशा वस्तू पुसून टाकायला शिकवलंय. रिपोर्ताजमध्ये हे चालतं का?

उत्तर : नाही. जाहिरातीत चालेल, इथे चालणार नाही. २०१० मध्ये वर्ल्ड प्रेस फोटो या वृत्तछायाचित्रांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेतलं एक बक्षीस काढून घेतलं गेलं, कारण फोटोतून मागच्या माणसाच्या पावलाचा एक तुकडा पुसला होता. मूळ फ्रेम बरीच क्रॉप केली होती आणि छटाही गडद केल्या होत्या, त्याला परीक्षकांची हरकत नव्हती. हरकत होती ती जे तिथे होतं ते नाहीसं करण्याला. तेव्हा बादली कडेलाच असेल तर क्रॉप करा. क्रॉप करून जात नसेल तर राहू द्या, ती त्या घरातली आहे. फोटो काढायच्या आधी ती हातानं उचलून बाजूला ठेवणं हाही तोच प्रकार. तुम्ही स्वतः दोन पावलं सरकू शकता. आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यानं टिपलेली, कुठलाही बदल न केलेली मूळ फाइल) कधीही डिलीट करू नका. स्पर्धेत किंवा मासिकात फोटो निवडला गेला की ती मागतात.