चार पहाटे, ७८ किलोमीटर

प्रश्न : फ्लोरिडातल्या डिस्ने वर्ल्डमध्ये जानेवारीत होणारं डोपी चॅलेंज, म्हणजे लागोपाठ चार दिवस चार शर्यती, धावायचंय. मॅरेथॉनचा नेहमीचा सराव पुरेल का?

उत्तर : नाही. गुरुवारी ५, शुक्रवारी १०, शनिवारी २१.१, रविवारी ४२.२ किलोमीटर, कस लागतो तो थकलेल्या पायांचा. म्हणून दर दोन-तीन आठवड्यांनी लागोपाठ धावा : शनिवारी १५, रविवारी २५. शेवटचा मोठा सराव शर्यतीच्या तीन आठवडे आधी उरका. पहिले तीन दिवस मुद्दाम सावकाश; मैलाला १६ मिनिटांची मर्यादा सैलच आहे. (मिकीसोबतच्या फोटोची रांगही त्याच वेळात धरतात, बरं का!) खरा घात दुपारी होतो. पदक गळ्यात पडलं की लोक पार्कात संध्याकाळपर्यंत हिंडतात. सुरुवात पहाटे पाचच्या सुमारास, म्हणजे अडीचला उठायचं. रात्री आठला आडवे व्हा. वापरातले दोन जोड बूट न्या, ओल्या बुटांनी फोड येतात.