लाईन गेल्यापासून प्रबंधाची वर्ड फाईल उघडेना, दुरुस्तीचं सॉफ्टवेअर घ्यावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की सेलूच्या अभ्यासिकेत तिथल्याच कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावून प्रबंध टाइप करत होता, सेव्ह करतानाच लाईन गेली, आणि तेव्हापासून वर्ड ‘मजकुरात अडचण आहे, फाईल उघडता येत नाही’ म्हणतंय. दुकानदार दुरुस्तीचं सॉफ्टवेअर विकत घ्या म्हणतोय, ते घ्यावं का, असं विचारलंय.

आत्ता तरी घेऊ नका. परभणीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान आहे आणि ‘फाईल उघडंना गेलीय’ म्हणत येणाऱ्यांची उन्हाळ्यात रांग असते. सॉफ्टवेअर चांगलं की वाईट हा प्रश्न नंतरचा. फाईलमध्ये दुरुस्त करण्यासारखं काही उरलंय का, हे आधी कळायला पाहिजे, आणि ते बघायला पैसे लागत नाहीत.

सगळ्यात आधी त्या पेन ड्राइव्हवर काहीही नवीन लिहू नका. फोटो टाकू नका, गाणी टाकू नका, आणि विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारेल तेव्हा सध्या नाही म्हणा. ती फाईल दुसऱ्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर कॉपी करा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या कॉपीवर करा. कॉपी करताना नीट बघा, नावाच्या सुरुवातीला ~$ असलेली फाईल तुमची नव्हे. फाईल कुणी उघडलीय एवढीच नोंद वर्ड तिच्यात ठेवतं. ती जेमतेम १६२ बाइटची असते, आणि लाईन गेली की तशीच मागे पडून राहते. लोक तीच उघडत बसतात आणि प्रबंध गेला म्हणून रडतात.

आता आकार बघा. शून्य केबी असेल तर त्या फाईलवर वेळ घालवू नका. आकार बरोबर वाटत असेल तरी खूश होऊ नका. कॉपीवर राइट क्लिक करून ‘ओपन विथ’मधून नोटपॅडमध्ये उघडा. अगदी सुरुवातीला इंग्रजीतली पी आणि के ही अक्षरं आणि पुढे सगळा कचरा दिसला, तर चांगली बातमी आहे. डॉकएक्स फाईल, म्हणजे ऑफिस २००७ पासूनची वर्डची फाईल, मुळात झिपचं गाठोडं असते, आणि झिपची सुरुवात या दोन अक्षरांनी होते. झिप काढणारे फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. (तुम्ही फाईलला पासवर्ड घातला असेल तर मात्र ती अक्षरं दिसणार नाहीत, तेव्हा घाबरू नका.) याउलट नोटपॅडमध्ये कोरी जागाच जागा दिसत असेल, तर फाईलचं नाव आणि आकार डिस्कवर नोंदला गेला पण आतला मजकूर उतरायच्या आधीच लाईन गेली. आत नुसती शून्यं आहेत. अशी फाईल जगातलं कुठलंही सॉफ्टवेअर दुरुस्त करू शकत नाही, कारण दुरुस्त करायला आत काही नाहीच. दुकानदार आधी पैसे मागतो आणि फाईल नंतर बघतो, माझा राग आहे तो यावर.

पीके दिसलं असं धरून चालू. वर्ड उघडा, फाईल, ओपन, ब्राउझ, तुमची कॉपी निवडा, पण ओपन बटणावर थेट दाबू नका. त्याच्या शेजारच्या बारीक बाणावर दाबा आणि ‘ओपन अँड रिपेअर’ घ्या. नाही झालं तर लिबरऑफिस हा वर्डसारखाच प्रोग्राम टाकून त्यात उघडून बघा, फुकट आहे. वर्ड जिथं अडून बसतं तिथं ते पुष्कळदा मजकूर दाखवून मोकळं होतं. गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्येही बघा. मांडणी, तळटीपा थोड्या विस्कटतील, ते नंतरचं नंतर.

तरीही नाही, तर गाठोडं हातानं सोडायचं. आणखी एक कॉपी करा आणि तिच्या नावाच्या शेवटचं डॉकएक्स काढून झिप लिहा. (शेवटची ही अक्षरं दिसत नसतील तर एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये ‘फाईल नेम एक्स्टेन्शन्स’वर टिक करा.) उघडल्यावर आत ‘वर्ड’ नावाचं फोल्डर असतं. त्यातल्या ‘डॉक्युमेंट’ नावाच्या एक्सएमएल फाईलमध्ये तुमचा मुख्य मजकूर असतो आणि ‘मीडिया’ फोल्डरमध्ये तुम्ही टाकलेले फोटो आणि आकृत्या जशाच्या तशा. झिपची अनुक्रमणिका फाईलच्या शेवटी असते. म्हणून शेपूट तुटलेली फाईल विंडोज उघडतच नाही, आतली पानं शाबूत असली तरी. तिथं विनरार या झिप उघडणाऱ्या प्रोग्राममधलं ‘रिपेअर’ कामाला येतं, ते अनुक्रमणिका नव्यानं बांधायचा प्रयत्न करतं. चाचणीची प्रत त्यासाठी पुरते.

डॉक्युमेंटची फाईल नोटपॅडमध्ये उघडली की खुणांच्या जंगलात मराठी वाक्यं दिसतील. युनिकोडमध्ये टाइप केलं असेल तर सरळ वाचता येतील. श्रीलिपीत किंवा तशाच जुन्या फॉन्टमध्ये केलं असेल तर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसेल. ती फेकून देऊ नका. तो मजकूर वर्डमध्ये चिकटवा, तोच फॉन्ट लावा, मराठी परत उभी राहते. या भेळेला ‘व्हायरस लागला’ समजून पुसून टाकलेल्या फाईली मी पाहिल्यात.

आता शून्यांची केस, आणि तुमच्या वर्णनावरून मला तीच भीती जास्त आहे. इथं दोन जागा आहेत ज्यांचा बहुतेकांना पत्ता नसतो.

पहिली म्हणजे अभ्यासिकेतला तोच कॉम्प्युटर. फाईल पेन ड्राइव्हवर असली तरी वर्ड दर १० मिनिटांनी जी आपोआप नोंद ठेवतं, ती त्या मशीनच्या सी ड्राइव्हवर पडते. (१० हा मुळातला आकडा, कुणी बदलला नसेल तर.) तुम्ही घरी बसून पेन ड्राइव्ह धुंडाळताय आणि प्रत कदाचित अभ्यासिकेत पडलीय. तिथं जा, वर्ड उघडा. डाव्या बाजूला ‘डॉक्युमेंट रिकव्हरी’ आपणहून आलं तर उत्तम. नाही आलं तर ऑप्शन्स, सेव्ह, आणि तिथं ‘ऑटोरिकव्हर फाईल लोकेशन’समोर लिहिलेल्या फोल्डरमध्ये जाऊन एएसडी या शेपटाची फाईल शोधा. ते फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून पत्ता कॉपी करून एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत चिकटवा. हे आजच करा. काही ठिकाणी मशीन चालू-बंद केलं की सगळं पुसून पूर्वीसारखं करणारी सोय बसवलेली असते. ती असेल तर तिथं काही मिळणार नाही.

दुसरी जागा पेन ड्राइव्हच. सेव्ह करताना वर्ड नवी प्रत त्याच फोल्डरात तात्पुरत्या नावानं लिहितं, मग जुनी काढून नवीला खरं नाव देतं. म्हणजे आदल्या सेव्हची प्रत पुसली गेली असली तरी तिचा मजकूर डिस्कवर बऱ्याचदा तसाच असतो, जोवर त्यावर दुसरं काही लिहिलं जात नाही. म्हणून वर बजावलं की नवीन काही टाकू नका. फोटोरेक हा फुकटचा प्रोग्राम असा मजकूर शोधून काढतो. नाव फोटोचं असलं तरी वर्डच्या फाईलीही काढतो. सापडलेलं सगळं कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवा, त्याच पेन ड्राइव्हवर नाही. फाईलींची नावं हरवलेली असतात, तेव्हा आकार बघून मोठ्या आधी उघडा. कुणी आधीच स्कॅन अँड फिक्स करून बसलं असेल तर पेन ड्राइव्हवर ‘फाउंड’ नावाचं फोल्डर आणि त्यात सीएचके शेपटाच्या फाईली दिसतील. त्यांच्या कॉप्यांना डॉकएक्स नाव देऊन बघा.

एवढं करूनही विकतचं सॉफ्टवेअर घ्यायचंच असेल तर त्याची डेमो प्रत टाका. डेमोत तुमची स्वतःची वाक्यं डोळ्यांनी दिसली तरच पैसे द्या.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी. व्हॉट्सॲप किंवा मेलवरून आलेली फाईल उघडत नसेल तर प्रॉपर्टीजमध्ये ‘अनब्लॉक’ची टिक बघा. एकच नाही तर सगळ्याच फाईली उघडत नसतील तर फाईलींना दोष देऊ नका, वर्डच बिघडलंय. कंट्रोलचं बटण दाबून धरून वर्ड सुरू करा. ते सेफ मोडमध्ये जायचं का विचारेल, हो म्हणा. तसं नीट चाललं तर एखादं जोडलेलं ॲड-इन त्रास देतंय.

आणि ताई, समजा कुठंच काही मिळालं नाही, तर नव्यानं टाइप करायला बसण्याआधी प्रती गोळा करा. गाईडना मेल केलेली प्रकरणं ‘सेंट’मध्ये असतील. छापून दिलेल्या पानांचे सरळ उजेडात फोटो काढून गूगल ड्राइव्हवर टाका आणि ‘ओपन विथ गूगल डॉक्स’ करा, छापील मराठी बऱ्यापैकी वाचून टाइप करून देतं. तुम्ही पहिली प्रकरणं एखाद्या टायपिंगवाल्याकडून करून घेतली असतील तर त्याला फोन लावा. आम्ही लोक गिऱ्हाइकाची फाईल सहसा पुसत नाही, पुसायला सवडच नसते.

नोटपॅडमध्ये काय दिसलं आणि फाईलचा आकार किती केबी आहे, ते इथं लिहा. पुढचं त्यावरून सांगतो.