ऑस्करचा सोहळा पहाटे उठून थेट का पाहावा?

निकाल मोबाइलवर दोन मिनिटांत कळत असताना साडेतीन तासांचा ऑस्कर सोहळा पहाटे उठून पाहण्यात काय मिळते, असा आपला प्रश्न आहे. निकालच हवा असेल, तर जागरण व्यर्थ आहे. मी मात्र वेशभूषा, संकलन, ध्वनी, रंगभूषा यांच्या पारितोषिकांसाठी उठते, म्हणजे नेमक्या ज्या वेळी इतर घरांत कोणीतरी चहा ठेवायला जाते त्या वेळेसाठी.

याला कारण घरचेच आहे. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत राहतो आणि माझी आई गेली चाळीस वर्षे शिवणकाम करते. १९८३ साली 'गांधी' चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासह ज्यांना ऑस्कर मिळाले, त्या भानू अथय्या मूळच्या कोल्हापूरच्या, माहेरच्या राजोपाध्ये. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. आई हे अशा थाटात सांगते, की जणू पहिले माप घ्यायला तिनेच त्यांना शिकवले. आपल्या पश्चात ऑस्करची बाहुली नीट सांभाळली जावी म्हणून त्यांनी २०१२ मध्ये ती हे पारितोषिक देणाऱ्या अकादमीकडे परत सोपवली, हे मात्र आईला अजून पटलेले नाही. "आपल्या टाऊन हॉलच्या म्युझियमला दिली असती, तर येता-जाता बघितली तरी असती," असे ती दरवर्षी एकदा म्हणतेच.

तिच्यासोबत पाहिले की लाल गालिचाही निराळा दिसतो. कोणी काय घातले यापेक्षा झोळ कुठे पडला, अस्तर कुठे ओढले गेले, याकडे तिचे लक्ष. लाखमोलाच्या झग्याला "खांद्यात बसलेला नाही" असा शेरा मिळाला, की माझी झोप पुरती उडते.

१३ मार्च २०२३ ची सकाळ आम्हा दोघींना चांगलीच आठवते. 'नाटू नाटू' गाण्याला पारितोषिक मिळाले आणि संगीतकार एम. एम. कीरवाणी यांनी आभारही गाऊन मानले, तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या. पण त्याआधी 'द एलिफंट व्हिस्परर्स' या माहितीपटाच्या पारितोषिकावेळी दिग्दर्शिका कार्तिकी गोन्साल्विस यांचे बोलणे संपताच वाद्यवृंद सुरू झाला आणि निर्मात्या गुनीत मोंगा यांचे मनोगत राहूनच गेले. मनोगताला साधारण पंचेचाळीस सेकंदांची मर्यादा असते हे मला ठाऊक होते, तरी राग आला. निवेदकाच्या विनोदांना असले घड्याळ लावलेले मी पाहिलेले नाही. त्याच्या आदल्या वर्षी तर संकलन, ध्वनी, पार्श्वसंगीत यांसह आठ पारितोषिके थेट प्रक्षेपणापूर्वीच उरकून त्यांची कापलेली दृश्ये मध्ये जोडली होती. संकलनाचे पारितोषिकच संकलित करून दाखवण्याची ही कल्पना कोणाला सुचली असेल, हे कोडे मला सुटलेले नाही.

दिवंगत कलावंतांच्या स्मरणाचा भाग आम्ही कधीच चुकवत नाही. २०२१ च्या सोहळ्यात त्यात इरफान खान होते आणि आदल्या ऑक्टोबरात गेलेल्या भानू अथय्याही होत्या. आई त्या वेळी सुईत दोरा ओवत होती. नाव ऐकून तिने मान वर केली आणि "थांब, मागे घे," म्हणाली. आमच्या केबलवर थेट कार्यक्रम मागे घेता येत नाही, हे तिला सांगेपर्यंत पडद्यावर दुसराच चेहरा आला होता.