गोधडीसाठी जुन्या धर्तीचं नवं कापड घ्यावं की खरंच जुनं?

तुम्ही विचारलंय की, अमेरिकेत राहून क्विल्टिंग शिकतेय, तर पहिल्या क्विल्टसाठी १९३० च्या दशकातल्या छापांची नक्कल केलेलं नवं कापड घेऊ, की त्या काळचं खरं कापड शोधू?

नवं घ्या. रोज अंगावर घ्यायची असेल तर दुसरा विचारच करू नका.

माझ्या हातून आजीचं लुगडं गेलं आहे, म्हणून इतक्या ठामपणे सांगतेय. मुलगी झाली तेव्हा सासूबाई ओहायोला आल्या होत्या. बाळाच्या गोधडीसाठी मी आधीच कापड आणून ठेवलं होतं. फिक्या पोपटी रंगावर बारीक पांढरी फुलं, थेट तीसच्या दशकातल्या छापाची. सासूबाईंनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. "अगं, वारावर मोजून नवं कापड आणायचं आणि त्याचे तुकडे करायचे? गोधडी अशी करतात का कुठे? आजीचं लुगडं आहे ना तुझ्याकडे!" होतं. आईने पाठवलेलं, डाळिंबी रंगाचं, मधे दंड घातलेलं (म्हणजे विरलेला भाग कापून पुन्हा जोडलेलं), हाताला लोण्यासारखं लागायचं. बाळंतपणात वाद घालायचं त्राण नव्हतं. पोपटी कापड कपाटात गेलं आणि लुगडं वर आलं.

आम्ही दोघींनी दीड महिना धावदोरा घातला. झाली फार देखणी. सात-आठ धुण्यांनंतर एकदा झटकायला घेतली तर मधोमध सरळ रेषेत चिरली. टाके जागच्या जागी होते, दोरा शाबूत होता, फक्त दोन टाक्यांमधलं कापड गेलं होतं. चीर बरोबर घडीवरून गेली होती. ते लुगडं ट्रंकेत वर्षानुवर्षं त्याच घडीत पडून होतं. रफू करायला बसले तर सुई टोचेन तिथे नवं भोक पडत होतं. त्या रात्री मी खूप रडले.

सासूबाईंचं म्हणणं, मशीनमध्ये घातलीस म्हणून फाटली. बाळाची गोधडी धुवायची नाही तर काय करायचं? आजीकडच्या गोधड्या तर वाईला नदीवर दगडावर आपटून धुतल्या जायच्या आणि तरी टिकायच्या. कारण लुगडं विरायला लागलं, एकदा दंड घालून झालं, की लगेच गोधडीत जायचं. साठ वर्षं जपून ठेवलेलं लुगडं तेव्हा गोधडीत घालत नसत. शिवाय वरचा थर झिजला की त्यावर दुसरं लुगडं चढायचं. गोधडीतलं 'जुनं' म्हणजे नुकतंच अंगावरून उतरलेलं. ते आणि ट्रंकेतलं जुनं एक नव्हे, हेच मी आजवर त्यांना सांगतेय.

तुमच्या तीसच्या दशकाचंही तेच आहे. मंदीच्या त्या वर्षांत इथल्या शेतकरी बायका पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य ज्या सुती पोत्यांतून यायचं ती उसवून वापरायच्या. साखळी टाक्याचा दोरा नीट धरून ओढला की सगळी शिवण सुटायची. शंभर पौंडांच्या पोत्याचा साधारण ३६ बाय ४३ इंचांचा तुकडा निघायचा. बायका त्याचे कपडे शिवतात हे पाहून कंपन्यांनी पोत्यांवर फुलंच छापायला सुरुवात केली. म्हणजे त्यातल्या कितीतरी बायकांच्या हातात ते कापड नवं-कोरं आलं होतं. आज तुम्ही त्या छापाचं नवं कापड कापलंत, तर त्यांनी केलं तेच करताय.

नक्कल म्हणून नाक मुरडणारे भेटतील. त्यांना सांगा, आपल्या कोरोमंडल किनाऱ्यावरच्या छिटाची, म्हणजे छापील सुती कापडाची, नक्कल करतच युरोपातले कापड छापणारे शिकले. इंग्रजीतला चिंट्झ हा शब्दसुद्धा छिटावरूनच आलाय. फ्रान्सने तर १६८६ ते १७५९ या काळात छापील सुती कापडावर बंदी घातली होती, इतकं वेड लागलं होतं लोकांना.

नवं कापड आधी धुऊन घ्या, विशेषतः लाल. जुन्या-नव्याचे तुकडे एकत्र जोडणार असाल तर हे अजिबात चुकवू नका. जुनं आटून बसलेलं असतं, नवं नंतर आटतं आणि सगळ्या शिवणींना चुण्या पडतात.

हे मात्र सगळं वापरायच्या गोधडीबद्दल झालं. भिंतीवर लावायची असेल तर खुशाल खरं जुनं घ्या. जुनं म्हणून विकत असतील आणि पन्हा (कापडाची रुंदी) ४४ इंच असेल तर शंका घ्या, त्या काळी तो बहुधा ३६ इंचांच्या आसपास असायचा. एकोणिसाव्या शतकातले तपकिरी आणि काळे छाप तर मी फुकट मिळाले तरी घेत नाही. ते रंग पक्के करायला लोखंडाचे क्षार वापरायचे आणि तेच पुढे सूत खातात. अशा क्विल्टमध्ये बाकीची फुलं शाबूत आणि तपकिरी तेवढी झडलेली मी स्वतः पाहिली आहेत.

आजीचं लुगडं मी टाकलं नाही. फाटलेल्या गोधडीवर दोन्ही बाजूंनी ते पोपटी कापड चढवलं आणि पुन्हा टाके घातले. लुगडं आता पोटात आहे, त्याला घासणंही नाही आणि ऊनही नाही. मुलगी नऊ वर्षांची झाली, अजून तीच पांघरते. सासूबाई आल्या की त्यांच्याही पायांवर तीच असते.

एवढं वाचूनही जुनंच घ्यायचं ठरलं, तर पैसे देण्याआधी कापड उजेडासमोर धरा आणि घडीच्या जागी दोन्ही अंगठ्यांनी हलकेच ताणा. कर्र असा बारीक आवाज आला, तर घडी घालून जागेवर ठेवून द्या.