साठीनंतरचं प्रोटीन: आधी नाश्ता बघा

पावडरचा डबा नंतर घ्या, आधी सकाळचा नाश्ता तपासा. माझी चूक तिथेच होत होती: सकाळी जवळजवळ काहीच नाही आणि सगळं प्रोटीन रात्रीच्या ताटात. वय वाढलं की स्नायू थोडक्या प्रोटीनला दाद देत नाहीत, म्हणून तिन्ही वेळा 25 ग्रॅमच्या आसपास जायला हवं. दिवसाचा हिशोब किलोमागे 1 ते 1.2 ग्रॅम, 70 किलो वजनाला 70 ते 84. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतं, त्यावरून अंदाज घ्या. मूत्रपिंडाचा आजार असेल तर मात्र हे आकडे विसरा, डॉक्टर सांगतील तेवढंच. आणि हो, नुसतं खाऊन भागत नाही, स्नायूंना कामही द्या. मी खुर्चीतून दहा वेळा उठबस करण्यापासून सुरुवात केली होती.