अमेरिकेतल्या शाळांमधला वर्णभेद कसा संपला, याचा अभ्यास कुठून सुरू करावा?

सर्वोच्च न्यायालयाच्या १९५४च्या प्रसिद्ध 'ब्राउन' निकालापासून सुरुवात करू का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर नको. आधी व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीबद्दल वाचा. मी इतिहास शिकवते आणि वर्गात हा विषय तिथूनच काढते, कारण निकालामागची माणसं आणि निकालानंतरची फरफट, दोन्ही तिथे एकत्र सापडतात.

तिथल्या फार्मव्हिल गावात कृष्णवर्णीय मुलांसाठी मोटन हायस्कूल होतं. इमारत १८० मुलांपुरती, शिकणारी मुलं ४५०च्या आसपास. जास्तीच्या वर्गांसाठी डांबरी कागद ठोकून तात्पुरत्या खोल्या उभारल्या होत्या. पावसात त्या गळायच्या आणि थंडीत मुलं अंगातला कोट न काढता बसायची. २३ एप्रिल १९५१ला बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीने मैत्रांना हाताशी धरून मुख्याध्यापकांना खोट्या निरोपाने शाळेबाहेर काढलं, सगळी शाळा सभागृहात जमवली आणि संप पुकारला. मागणी साधी होती: चांगली इमारत द्या. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांनी मात्र अट घातली, की वेगळ्या शाळांची पद्धतच मोडायची असेल तरच आम्ही खटला चालवू. मुलं तयार झाली, पालकही झाले. बार्बराला इतका धोका वाटू लागला की घरच्यांनी तिला अलाबामात काकांकडे पाठवलं.

हाच खटला कॅन्सस, साउथ कॅरोलायना आणि डेलावेअरच्या खटल्यांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेला. तोच 'ब्राउन' निकाल. १७ मे १९५४ला नऊही न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं, की 'वेगळं पण समान', म्हणजे सोयी सारख्या असतील तर वर्णानुसार वेगळं ठेवायला हरकत नाही, हे १८९६पासूनचं तत्त्व सरकारी शाळांत चालणार नाही.

आणि इथेच बहुतेक पुस्तकं धडा संपवतात, याचं मला फार वाईट वाटतं. शाळा कधीपर्यंत एकत्र करायच्या, याची न्यायालयाच्या १९५५च्या पुढच्या आदेशात ठाम मुदतच नव्हती. अखेर १९५९मध्ये मुलांना एकत्र बसवायची वेळ आली, तेव्हा प्रिन्स एडवर्ड काउंटीने शाळांचा पैसाच बंद केला आणि सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लावलं. गोऱ्या मुलांसाठी खासगी शाळा निघाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काहींना परगावी नातेवाइकांकडे धाडलं, काही चर्चच्या तळघरात जमेल तेवढं शिकली आणि कित्येकांचं शिक्षण कायमचं सुटलं. सरकारी शाळा पुन्हा उघडल्या त्या १९६४मध्ये, तेही सर्वोच्च न्यायालयाने बजावल्यावर.

एवढं वाचलंत की आर्कान्सा राज्यातल्या लिटल रॉक शहरातलं १९५७चं प्रकरण सोपं जाईल. तिथल्या नऊ कृष्णवर्णीय मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पोहोचवायला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना लष्कर का पाठवावं लागलं, हे वेगळं सांगावं लागणार नाही. शाळा एकत्र झाल्यावर दक्षिणेत हजारो कृष्णवर्णीय शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, तेही शोधून वाचा. मग १९७४चा 'मिलिकन' निकाल घ्या. डेट्रॉइट शहरातली मुलं आणि भोवतालच्या उपनगरांतली मुलं एकत्र आणायची योजना न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळली. गोरी कुटुंबं उपनगरांत निघून जात होती आणि न्यायालयाचा आदेश शहराच्या हद्दीवर थांबला. आजही तिकडच्या अनेक शाळा वर्णानुसार विभागलेल्या का दिसतात, ते त्या निकालापासून समजू लागतं.